ठग जन्मतो की घडतो? हिंगोलीची छावणी आणि पौगंडावस्थेतील मेंदू

#थ्रेड

१. हिंगोली हे आज मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. दोनशे वर्षांपूर्वी मात्र कयाधूकाठचे हे गाव ओळखले जाई ते छावणीमुळे. निजामाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली फौज येथे राहत असे. फौजेभोवती बाजार होता आणि त्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. गोरे अधिकारीही त्याच्याशी देवघेव करीत.

२. एकदा या हरीसिंगाने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे परवाना मागितला. मुंबईहून कापड आणायचे आहे, वाटेत अडवणूक नको, एवढेच कारण. परवाना मिळाला. कापड खरोखरच वाटेत होते, पण ते होते दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे. हरीसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारले. मग सरकारी परवाना दाखवत तो माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला.

३. हरीसिंग हा त्या भागातील ठगांचा नायक होता. तो पकडला गेल्यावर माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या. नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, प्रेते पुरलेली निघाली. एकेका खड्ड्यात कित्येक. खोदकाम पाहणाऱ्यांना शेवटी किळस आली आणि शोध तिथेच थांबवण्यात आला.

४. ही हकिगत लिहून ठेवणारा अधिकारी त्या वेळी तेथे हजर होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा हा प्रसंग येतो. कादंबरी इंग्लंडात गाजली आणि 'ठग' हा आपल्याकडचा शब्द इंग्रजीत घरोघरी पोहोचला.

५. त्या काळातील प्रत्येक अधिकाऱ्याला एकच प्रश्न पडला होता. दिवसा सभ्य व्यापारी म्हणून वावरणारा माणूस रात्री थंडपणे गळा आवळू शकतो, हे घडते कसे? कंपनी सरकारने याचे उत्तर रक्तात शोधले. ठगाचा मुलगा ठग होतो, हा पिढीजात धंदा आहे, जन्मानेच ठरलेला. पुढची शंभर वर्षे हे उत्तर कायद्याच्या रूपाने लाखो निरपराध माणसांच्या मानगुटीवर बसणार होते.

६. ठगांविरुद्धच्या मोहिमेचा सूत्रधार होता विल्यम स्लीमन. सागर-जबलपूर भागात बसून त्याने पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार बनवले, त्यांच्याकडून वंशावळी लिहवून घेतल्या, त्यांच्या गुप्त बोलीचा कोश तयार केला. १८३६ साली हे सारे 'रामासीआना' या ग्रंथात छापले गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने असे ठरवले की, एखादा माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता येईल. विशिष्ट खुनाचा पुरावा आवश्यक राहिला नाही.

७. या साधनांकडे सावधपणे पाहायला हवे. माफीचा साक्षीदार फाशी टाळण्यासाठी बोलत असतो आणि लिहून घेणाऱ्यालाही काही सिद्ध करायचे असते. 'ठगी' हे चित्र इंग्रजांनी किती रंगवले, यावर इतिहासकारांत बराच वाद आहे. किम वॅग्नर यांच्यासारखे अभ्यासक तिला कालीभक्तांचा गूढ पंथ मानत नाहीत. स्थानिक जमीनदारांचा आश्रय, सुटलेली सैन्ये आणि बेकारी यांतून वाढलेली वाटमारी, असे ते तिचे वर्णन करतात.

८. तरीही याच कागदपत्रांत अशा काही जबान्या आहेत, ज्या लिहून घेणाऱ्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा जागा नेमक्या हेराव्यात. रक्ताचा सिद्धान्त मांडणाऱ्या ग्रंथातच साक्षीदार सांगतात की मुलाला ठग करावे लागत असे. त्याला वेळ लागे, पायऱ्या असत आणि त्यासाठी एक विशिष्ट वय निवडले जाई.

९. पहिल्या मोहिमेत मुलाला खून दिसू दिला जात नसे. त्याला बसायला तट्टू मिळे, लुटीतल्या वाट्यातून भेटी मिळत. परत येईतो एवढेच उमगे की आपली माणसे चोरी करतात. दुसऱ्या फेरीत चोरीपलीकडे काही चालते असा संशय येई. तिसऱ्या फेरीत तो सारे पाही. त्यानंतरही रुमाल लगेच हाती येत नसे. आधी टेहळणी, प्रेते पुरणे, सावजाचे हात धरणे. आणि या पायऱ्या ओलांडल्यावर 'भुरतोट', म्हणजे गळा आवळणारा, हे पद.

१०. हा क्रम चुकला तर काय होई, याची एक नोंद 'रामासीआना'त आहे. सांगणारा फिरंगिया हा १८३० साली पकडला गेलेला प्रसिद्ध जमादार. त्याच्या चुलत्याकडचा कुरहोरा हा चौदा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच मोहिमेवर आला होता. छानशा तट्टावर बसलेला. त्याला सांभाळण्याचे काम हरसुका नावाच्या, तीन मोहिमा पाहिलेल्या तरुणाकडे होते. टोळीला पाच शीख प्रवासी भेटले. पहाटे निघताना हरसुकाला हुकूम मिळाला की तट्टाचा लगाम धर आणि पोराला मागे ठेव, काही दिसू-ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.

११. पोर बावरले, उतावीळ झाले, लगाम सोडवून तट्टू दौडत पुढे गेले. नेमका त्याच क्षणी इशारा झाला. त्याने किंकाळ्या ऐकल्या, पाचही जणांचे गळे आवळले जाताना पाहिले. अंगाला कंप सुटला, तो तट्टावरून कोसळला आणि भ्रमिष्टासारखा बडबडू लागला. मेलेल्यांची पागोटी दिसली तरी दचके, कोणी हात लावला तरी किंचाळे. टोळी पुढे गेली. फिरंगिया आणि काही जण त्याच्या उशाशी बसून राहिले. मुलगा शुद्धीवर आला नाही. संध्याकाळपूर्वी तो मेला.

१२. हरसुकाने हा मृत्यू मनाला लावून घेतला. त्याने धंदा सोडला, बैरागी झाला आणि नर्मदेकाठच्या एका देवळात जाऊन राहिला. खून हा ठगाच्या रक्तातच असता, तर चौदा वर्षांचा कुरहोरा भीतीने मेला नसता आणि तीन मोहिमा केलेला हरसुका परतला नसता. फिरंगिया असेही सांगतो की पहिला खून पाहून हादरलेली मुले त्याने पुष्कळ पाहिली होती. कुरहोरा एवढाच वेगळा की तो सावरला नाही.

१३. स्वतःविषयी फिरंगियाने जे सांगितले ते याहून बोलके आहे. खुनानंतर 'तुपोनी' नावाचा विधी होई आणि त्यात गुळाचा प्रसाद मिळे. फिरंगियाचे म्हणणे असे की घरी सुबत्ता होती, वरच्या जागी नातलग होते, तरी टोळीपासून दूर असताना त्याला करमत नसे. कारण बापाने तो गूळ त्याला अगदी पोरवयात चाखवला. आता हजार वर्षे जगलो तरी दुसरा धंदा जमणार नाही. त्याने दोष दिला तो गुळाला. आपण मात्र त्याच्या वाक्यातील दुसऱ्या शब्दाकडे पाहू: पोरवय.

१४. या वयात असे काय असते? मेंदूचे आकारमान साधारण सहाव्या वर्षापर्यंतच प्रौढाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांवर पोहोचलेले असते. म्हणून बराच काळ असा समज होता की मेंदूची घडण बालपणीच आटोपते. १९७९ साली शिकागोतील पीटर हुटेनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या नमुन्यांत, कपाळामागच्या भागातील चेतापेशींच्या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. एक-दोन वर्षांच्या बाळात त्यांची दाटी प्रौढापेक्षा सुमारे दीडपट आढळली. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत गेली.

१५. वाढत्या वयात जोडण्या कमी होतात, हे ऐकून प्रथम नुकसान झाल्यासारखे वाटते. हिंगोलीच्या शेतकऱ्याला मात्र याचे नवल वाटू नये. ज्वारी दाट उगवली की विरळणी करावी लागते. काही रोपे उपटली तरच उरलेल्यांना अन्नपाणी पुरते. मेंदूतही वापरात असलेल्या जोडण्या टिकतात आणि पक्क्या होतात, न वापरलेल्या गळून पडतात. शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. त्याला अशी काटकसर परवडते, उधळेपणा नाही.

१६. दुसरा बदल वेगाचा. चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढते. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे. आवरण चढलेल्या तंतूतून संदेश कितीतरी पटींनी वेगाने धावतो. हे काम जन्मापासून सुरू असते, पण दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये ते पौगंडावस्थेत आणि त्यानंतरही चालू राहते. विरळणीने मोजक्या वाटा उरतात, मायलिनने त्या वाटांचे हमरस्ते होतात. पौगंडावस्थेत मेंदू 'कार्यक्षम' होतो, असे म्हणतात ते या अर्थाने.

१७. जिवंत मुलांच्या मेंदूत हे घडताना पाहता आले ते एमआरआयमुळे. १९९९ साली अमेरिकेतील जे गीड आणि सहकाऱ्यांनी १४५ मुला-मुलींच्या चित्रांवरून दाखवले की कपाळामागच्या भागातील करडे द्रव्य मुलींत साधारण अकराव्या आणि मुलांत बाराव्या वर्षी सर्वाधिक असते आणि मग घटू लागते. २००४ साली याच गटाचा पुढचा निबंध आला. त्याचे पहिले लेखक नितिन गोगटे. तेरा मुलांची चित्रे दर दोन वर्षांनी, आठ-दहा वर्षे घेऊन त्यांनी मेंदूच्या परिपक्वतेचा चलत्पटच तयार केला.

१८. त्या चलत्पटात एक क्रम दिसतो. हालचाल आणि संवेदना सांभाळणारे भाग आधी पक्के होतात. परिणामांचा विचार, आवेगाला लगाम, नियोजन ही कामे करणारा कपाळामागचा भाग अगदी शेवटच्यांपैकी एक. बक्षीस, थरार आणि सोबत्यांची वाहवा यांना दाद देणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच तीव्र झालेली असते. तट्टू भरधाव निघालेले असते आणि लगाम धरणारा हात अजून बळकट व्हायचा असतो.

१९. सोबत्यांचा प्रभाव किती, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावरील मोटार चालवण्याच्या खेळातून दाखवले. एकटे असताना आणि मित्र शेजारी असताना माणूस किती धोका पत्करतो, याची त्यांनी तुलना केली. मित्रांच्या हजेरीने धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले आणि ही वाढ प्रौढांपेक्षा किशोरांत ठळक होती.

२०. आता ठगांच्या पायऱ्या पुन्हा वाचाव्यात. आधी तट्टू आणि भेटी, म्हणजे बक्षीस. सोबतीला वडीलधारी आणि समवयस्क, म्हणजे वाहवा. भीती एकदम नाही; थोडी थोडी, सवय होईल अशा मात्रेत. वर्षानुवर्षे तेच काम आणि तीच गुप्त बोली. मेंदूशास्त्राचा गंधही नसलेल्या या टोळ्यांनी अनुभवाने नेमके तेच वय हेरले होते, ज्यात सराव सर्वांत खोल रुजतो. प्रयोगशाळेतील निष्कर्ष दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर सरसकट चिकटवू नयेत, हे खरे. पण रक्ताच्या सिद्धान्ताने न सुटणारे कोडे या वाचनाने पुष्कळसे सुटते.

२१. हीच यंत्रणा चांगल्या कामालाही तितकीच उपयोगी पडते. खुद्द टेलरचे उदाहरण घ्या. जन्म १८०८ चा. १८२४ साली, सोळावे पूर्ण होण्याआधीच तो मुंबईत उतरला, एका व्यापाऱ्याच्या पेढीत काम करण्यासाठी. त्याच वर्षअखेर त्याला निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले. त्या वयात तो येथील भाषा आणि चालीरीती शिकत गेला. पुढे शोरापूर संस्थानाचा कारभार त्याने पाहिला. अफझलखान-शिवाजी प्रसंगाची पार्श्वभूमी असलेली 'तारा' ही कादंबरीही त्याचीच. कुरहोराहून दोनच वर्षांनी मोठ्या असलेल्या या पोराला मिळालेला गूळ वेगळा होता, एवढेच.

२२. रक्ताचा सिद्धान्त कंपनीच्या डोळ्यांदेखतच ढासळत होता. १८३० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले. ठगांची मुले मागावर बसली आणि विणकर झाली. सरकारने त्यांचे गालिचे विकले, पण त्यातून निघणारा निष्कर्ष काही काढला नाही.

२३. उलट १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्यामागचा युक्तिवाद असा की विणकराचा मुलगा जसा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. अनेक भटक्या जमातींची नोंद जन्मतः गुन्हेगार म्हणून झाली. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण सुरू झाले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय झाली. सोलापूरकरांच्या तोंडी असलेला 'सेटलमेंट' हा शब्द याच काळाची खूण आहे.

२४. एक विसंगती पाहा. मुलांना वेगळे काढणाऱ्या सरकारला आतून ठाऊक होते की मूल शिकवण्याने बदलते; एरवी सुधारगृह कशाला? पण त्याच मुलाच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्काही कायम ठेवला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या. म्हणून तो 'विमुक्त दिन'. लोकांच्या मनातील यादी मात्र तेवढ्या सहजी पुसली गेली नाही.

२५. रक्ताच्या सिद्धान्ताचे सर्वांत थेट उत्तर मराठवाड्यातूनच आले. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरातील थोरल्यांच्या वाट्याला पाकीटमारीचे शिक्षण आले, लक्ष्मणला वडिलांनी शाळेत घातले. रक्त एक, छप्पर एक. फरक पडला तो कोवळ्या वयात हाताला कोणता सराव मिळाला याचा.

२६. हा वाद आजही जुना झालेला नाही. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रोपर विरुद्ध सिमन्स' खटल्यात अठरा वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी घटनाबाह्य ठरवली. मेंदूविषयीचे संशोधन त्या न्यायालयापुढे मांडले गेले होते. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने घृणास्पद गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मानसिक क्षमता तपासून त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जायला लावण्याची वाट उघडली. अठराव्या वाढदिवसाला मेंदूत कोणतीही रेघ ओढली जात नाही. रेघ समाज ओढतो. ती कोठे ओढायची याचे कारण समाजाने दिले पाहिजे.

२७. हिंगोली जिल्ह्यातून आणि अवघ्या मराठवाड्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. कित्येकांची तेरा-चौदा वर्षांची मुलेही बरोबर जातात, किंवा मुलीचे लग्न उरकून टाकले जाते. विरळणीचे दिवस त्यांच्याही मेंदूत चालू असतात. त्या दिवसांत वही हाती असेल तर वहीची वाट पक्की होते आणि कोयता असेल तर कोयत्याची.

२८. छावणीजवळच्या ओढ्यातील त्या खड्ड्यांनी अधिकाऱ्यांना एवढेच शिकवले की ठग कोठेही लपलेला असू शकतो. कुरहोराच्या चार-दोन ओळींत याहून मोठी गोष्ट होती आणि ती छापूनही त्यांना दिसली नाही. चौदाव्या वर्षी माणूस ठरलेला नसतो, तो ठरत असतो. त्या वयातील मुलांना आपण काय दाखवतो, कोणाच्या सोबतीत ठेवतो आणि त्यांच्या हातात काय देतो, याची जबाबदारी म्हणूनच मोठ्यांची.